शेवटची पट्टी

आप्पांचा शेवटचा फोन गुरुवारी दुपारी आला. मी पुण्याला ग्रंथालयात, कामावर होते.

"सारे, रिमोट धरंना गं. दिवा नुसता लुकलुक करतोय."

"सेल बदला, आप्पा."

"बदललं की."

"मग रविवारी येते तेव्हा बघते."

"बरं. एकच पट्टी राहिलीय नांगरायची, म्हणून म्हणलं."

शनिवारी पहाटे ते गेले.

तीस वर्षं त्यांनी तळेगाव ढमढेऱ्यात दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवले. दोन वर्षांपूर्वी डावा हात लकव्यानं गेला. बोटं हलती ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा विक्रमनं, माझ्या भावानं, सणसवाडीहून एक जुना कॉम्प्युटर आणला. त्यात शेतीचा खेळ होता आणि सोबत बिनवायरचा कंट्रोलर. घरात सगळे त्याला रिमोटच म्हणायचे. रोज चार वाजता आप्पा पडद्यावरच्या रानात ट्रॅक्टर घालायचे. डावा हात नुसता टेकवलेला, सगळं उजव्याच्या जोरावर. त्यामुळे बांधाशी वळायला उशीर व्हायचा आणि नांगराच्या प्रत्येक रेघेच्या टोकाला एक छोटी आकडी राहायची.

नवव्या दिवशी, रविवारी, मी त्या कॉम्प्युटरपुढे बसले. उद्या दहावा. त्याआधी मला हे एवढंच हवं होतं: रिमोट जोडायचा आणि त्यांची राहिलेली पट्टी नांगरून टाकायची. याहून शहाणपणाचं काही सुचत नव्हतं.

बिघाड शोधायला वीस मिनिटं पुरली. पेनड्राइव्हएवढा रिसीव्हर कॉम्प्युटरच्या मागे खोचलेला होता आणि मागे सिग्नल अडवणारं लोखंडी कपाट. मी तो काढून पुढं लावला. जोडलेल्या उपकरणांच्या यादीतलं रिमोटचं जुनं, अडकलेलं नाव पुसलं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. खेळ उघडला. काळं नांगरलेलं रान, मधोमध एक पिवळी पट्टी, तिच्या कडेला उभा ट्रॅक्टर. फोनवर सांगता आलं असतं. वीस मिनिटं.

आता फक्त रिमोटचं बटण दाबायचं होतं. पण रिमोट कुठंच सापडेना.

"माजघरात हाय," धुरपदाआत्या म्हणाली. "पिठावर."

माणूस गेला त्या जागी आमच्याकडे जमिनीवर पीठ चाळून पसरतात, त्यावर दिवा ठेवतात आणि वरून बांबूची पाटी पालथी घालतात. दहाव्याला पाटी उचलून पिठावर काय उमटलंय ते बघायचं. त्यावरून गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला ते कळतं म्हणे.

"त्यात रिमोट कशाला ठेवलास आत्या?"

"मग काय ठिवू? वैनीनं जन्मभर दारात ट्रॅक्टर आणू दिला न्हाई, शेवटी माझ्या भावानं काचंत आणला. त्याच्या हातातली वस्तू ती. जवळ असू दे म्हणलं."

"मला पाचच मिनिटं हवाय."

"पाटीला हात लावायचा न्हाई, सारे. उद्या. तवर आम्ही बी उचलत न्हाई."

आई चुलीपाशी बसली होती. ती खालमानेनंच म्हणाली, "नेऊन तरी काय करशील? सेल मी काढलेत त्याचे. घड्याळ बंद पडलं हुतं."

भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. चारला दोन मिनिटं होती.

मी बाहेरच्या खोलीत परतले. कॉम्प्युटर बंद करावा म्हणून माउसला हात लावला, तेवढ्यात टुंग असा आवाज आला. पडद्याच्या कोपऱ्यात सूचना उमटली: कंट्रोलर जोडला गेला.

मी हात काढून घेतला.

ट्रॅक्टरनं धूर सोडला. नांगर खाली उतरला. पिवळ्या पट्टीवर काळी रेघ सरकू लागली, सावकाश, मध्येच थोडी थांबून, जसं माणूस बोटाला आराम देतो. माजघरातून बारीक घरघर ऐकू येत होती. खेळात नांगर दगडाला लागला की रिमोट हातात थरथरायचा, तशी. आत्या कुणाला तरी म्हणाली, "मोबाइल वाजतोय का गं कुणाचा?"

टोकाला ट्रॅक्टर वळला. उशिरा वळला. आकडी राहिली.

चार रेघांत पट्टी संपली. नांगर वर उचलला गेला, ट्रॅक्टर बांधावर उभा राहिला आणि कोपऱ्यात दुसरी सूचना आली: जोडणी तुटली. माजघरातली घरघर थांबली. मी "आप्पा" म्हणाले की नुसतं मनात आलं, ते आता सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी नदीवर जाण्याआधी पाटी उचलली. सगळे वाकले. पिठावर पावलं नव्हती. चार सरळ रेघा होत्या, एकमेकींना लागून, आणि प्रत्येकीच्या टोकाला आकडी. रिमोट शेवटच्या रेघेच्या कडेला पडलेला.

"साप," आत्या म्हणाली आणि तिनं हात जोडले. "सापाच्या जन्माला गेला माझा भाऊ."

"उंदीर असंल," विक्रम म्हणाला.

मी रिमोट उचलला. खालचं झाकण उघडंच होतं. सेलच्या रिकाम्या खाचेत पीठ गेलं होतं.

आई त्या रेघांकडे बराच वेळ बघत राहिली. बाकीचे उठून चपला शोधू लागले, तेव्हा तिनं मला दंडाला धरून जवळ ओढलं आणि हळूच विचारलं, "पुरं झालं का गं?"

"झालं," मी म्हणाले.

तिनं पीठ पदरात भरून घेतलं. रेघांच्या टोकांच्या आकड्यांकडून, आधी.