उम्म-गायबचा दुसरा भाग

लिफ्टचं दार उघडलं, आत फिक्रिया उभी दिसली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या रीहामने कडेवरच्या बाळाच्या तोंडावर फडकं ओढलं. दृष्ट लागू नये म्हणून निळा मणी छातीवर टाचलेला होताच, तरी वर फडकं. फिक्रियाने बटण दाबलं. कैरोच्या शुब्रा वस्तीतल्या त्या इमारतीत ती चाळीस वर्षं राहत होती आणि गेली चार वर्षं लहान पोरांच्या चेहऱ्याऐवजी फडकी बघत होती.

कैरोत मूल न झालेल्या बाईला तोंडावर वांझ म्हणत नाहीत, माणसं तेवढी सभ्य आहेत. तिला उम्म-गायब म्हणतात, म्हणजे जो अजून आलाच नाही त्याची आई. ऐकायला गोड, गिळायला कडू. फिक्रियाला हे नाव तिशीतच चिकटलं होतं. पडद्यावर तिने तीस वर्षं चहाचे पेले आणून ठेवले, नायिकेच्या आईची शेजारीण झाली, आणि सत्तावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा मुख्य भूमिका चालून आली ती भुताची. इमारतीच्या नळांच्या उभ्या डक्टमधून वर चढणारी आणि लोकांची पोरं पळवणारी उम्म-गायब. सिनेमाचं नाव ‘डक्टमधली’. आपल्याच जखमेवर आपण मीठ चोळतोय हे तिला कळत होतं. पण मुख्य भूमिका होती, आणि नट्यांच्या जातीला मोह आवरत नाही. तिने काम इतकं झकास केलं की पोरगं जेवलं नाही की आया तिच्या नावाचा धाक घालू लागल्या. भूत पडद्यावर राहिलं नाही, फिक्रियाच्या चौथ्या मजल्यावर राहायला आलं.

आता दुसरा भाग निघत होता. निर्माते हाजी वहदान यांनी सगळ्यांना वाचनाला बोलावलं आणि जाहीर केलं की सिनेमा ईदला लागणार, म्हणून या खेपेला विनोदी. नवे कपडे घालून आलेल्या लोकांना घाबरवायचं म्हणजे पाप, असं त्यांचं म्हणणं. फिक्रियाला त्याचं काही वाटलं नाही. मग वाचन सुरू झालं. भूत साबणावरून घसरतं. भुताचा पाय बादलीत अडकतो. नायक बुरई, ज्याच्या नुसत्या भुवया हलल्या तरी लोक खिदळतात, तो भुताला चप्पल फेकून मारतो आणि म्हणतो, “पोर ना बाळ, मग एवढं रडतेस कुणासाठी?” टेबलाभोवतीचे सगळे हसले. चहा देणारासुद्धा हसला. शेवटी भुताला कुणीतरी एक अनाथ मूल देतं, भूत हमसून रडतं आणि त्याला मुक्ती मिळते.

फिक्रियाने वही मिटली. चप्पल चालेल, साबण चालेल, बादलीसुद्धा चालेल, पण ते वाक्य आणि तो शेवट चालणार नाही, असं तिने सांगितलं. दिग्दर्शक बासिम, वयाने तिच्या भाच्यासारखा, संहितेची पानं चाळू लागला. हाजींनी जपमाळ बाजूला ठेवली.

“मदाम, त्या रंगाच्या थराखाली कोण आहे ते कुणाला दिसतं? उद्या दुसरी कुणी उभी केली तरी भागेल.”

“करा की. आवाज कुठून आणणार? तो ऐकून तुमची बायको थिएटरातून उठून गेली होती. तुम्हीच सांगत होतात सगळ्या गावाला.”

ते खरं होतं. हाजींनी जपमाळ पुन्हा उचलली. फिक्रिया मनात हिशेब करत होती. हे काम गेलं तर एकसष्टाव्या वर्षी दुसरं कुणी देणार नव्हतं, आणि दुसऱ्या बाईच्या तोंडावर ते वाक्य फेकलं गेलं असतं तरी जगाने ते फिक्रियाच्याच दारावर लिहिलं असतं.

“हसायचं मला वावडं नाही,” ती म्हणाली. “लोक पोट धरून हसू देत. माझ्या रिकाम्या कुशीवर हसायचं नाही, एवढंच. एक प्रसंग माझ्या पद्धतीने करू द्या. अब्बास हसला नाही, तर मी रंग पुसून घरी जाते.”

अब्बास ध्वनिमुद्रण करायचा. चित्रीकरण चालू असताना हसणं म्हणजे आपल्याच कामात मिठाचा खडा टाकणं, म्हणून वीस वर्षांत त्याचे दात कुणी पाहिले नव्हते. हाजींनी पैज आनंदाने मान्य केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला फिक्रिया शेजारणींचं काम करणाऱ्या सात बायकांच्या घोळक्यात जाऊन बसली. फूल नावाची उसळ आणि पाव खाताखाता तिने आपला बेत सांगितला. सातही जणी आपापली पोरं सासूच्या, नणंदेच्या हातापाया पडून तिथे ठेवून आल्या होत्या. त्यांना समजवावं लागलं नाही. एकीने तर तिथेच बोटं मोजत कोणकोणती पिशवी हवी ते सांगितलं.

दिवे लागले. उम्म-गायब डक्टमधून वर आली, केस तोंडावर, नखं भिंतीवर घासत. बुरई चप्पल उगारून उभा होता. तेवढ्यात सातही दारं उघडली आणि बायका त्याला ढकलून पुढे आल्या. प्रत्येकीच्या हातात चित्रीकरणासाठी आणलेलं एक पोर, खांद्याला दुधाची बाटली आणि लंगोटांची पिशवी.

“नाहीतरी नेणारच आहेस ना?” पहिली म्हणाली. “मग दुपारच्या असर नमाजापर्यंत ठेव. याला शेंगदाणे देऊ नकोस, घसा धरतो.”

“माझीला झोपवताना पाय चेपावे लागतात,” दुसरी म्हणाली आणि मुलगी भुताच्या हातात कोंबून निघालीसुद्धा.

भूत एक पाऊल मागे सरलं, मग दुसरं. तिसरं मूल तिच्या झिंज्या धरून लोंबकळलं. मागे डक्ट, पुढे पोरं. आणि फिक्रियाच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं, जे तिने लिहिलं नव्हतं, कुणाला सांगितलंही नव्हतं, नुसतं तीस वर्षं गिळलं होतं.

“मी मागितली होती का तुमची पोरं?”

तो आवाज भुताचा नव्हता. मग कोपऱ्यातून घोड्याच्या खिंकाळण्यासारखं काहीतरी ऐकू आलं. अब्बास कानावरचे हेडफोन काढून गुडघ्यांवर वाकला होता आणि त्याचे दात सगळ्यांना दिसत होते. चांगले पांढरे होते. मग सगळा सेट फुटला. बुरईने चप्पल पायात घातली आणि बासिमला म्हणाला, की माझं वाक्य काढून टाक, याच्यापुढे ते शिळं आहे.

हाजी हरले, पण त्यांची एक शंका राहिली. मूल मिळालं नाही तर भुताला मुक्ती कशी मिळायची?

“तिला कशाला हवी मुक्ती?” फिक्रिया नाकावरचा रंग पुसत म्हणाली. “घर आहे, कबुतरं आहेत, चहा आहे. जीव तुमचा वर-खाली होतोय.”

सिनेमाच्या शेवटी भूत मुक्ती न घेता चौथ्या मजल्यावरच राहिलं. ईदला शुब्रातल्या थिएटरात त्या वाक्यावर बायका पडद्याशी बोलत होत्या, “बरोबर आहे गं बाई, सांग त्यांना.” फिक्रिया शेवटच्या रांगेत बसून ऐकत होती, आणि अंधारात कुणी बघत नाही म्हटल्यावर थोडी रडलीही. त्याची तिला लाज वाटली नाही.

ईदच्या तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या दाराची घंटा वाजली. दारात रीहाम, नव्या कपड्यांत, कडेवर यासीन. बाळाच्या तोंडावर सवयीने फडकं होतंच.

“खाला,” रीहाम म्हणाली. चार वर्षांत मदामची खाला, म्हणजे मावशी, पहिल्यांदाच झाली होती. “दोन तासच. इमारतीतल्या सगळ्या जणी तुमचा सिनेमा बघून आल्या, एकटी मी राहिले. आणि हा थिएटरात रडतो.”

फिक्रिया दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली, तिला आत घेतलं नाही.

“आधी त्याच्या तोंडावरचं काढ.”

रीहामचा चेहरा उतरला. तिने फडकं काढलं. यासीनला दोन दात आले होते. फिक्रियाला ते माहीतच नव्हतं. तिने हात पुढे केले, बाळ घेतलं. रीहाम ओशाळून फडक्याची घडी घालत पर्समध्ये कोंबायला लागली.

“ते इथे दे,” फिक्रिया म्हणाली. “याची लाळ कशाने पुसू?”