जिन्यावरची पंगत

आत्याबाईंनी साठ माणसांचं सूप रांधलं होतं आणि जेवायला हजर होती तीन माणसं. एक त्यांचा भाचा, म्हणजे चर्चचा पाळक. दुसरा घड्याळवाला, म्हणजे चर्चच्या पंचांचा प्रमुख. तिसऱ्या स्वतः आत्याबाई.

शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यावर घर त्यांना खायला उठलं, तेव्हा त्यांनीच भाच्यामागे लकडा लावला होता: चर्चच्या तळघरात शेगडी धूळ खात पडलीय, समोर सात मजली इमारत आहे, दर शनिवारी गल्लीला जेवू घालू. पहिल्या शनिवारी कुणी फिरकलं नाही, दुसऱ्याही नाही. आजचा तिसरा.

"दोन वाजेपर्यंत वाट बघू," घड्याळवाल्याने बजावलं होतं, "मग स्वयंपाकघराची किल्ली माझ्याकडे. अन्न वाया घालवा असं काही देवाने सांगितलेलं नाही."

किल्ली गेली की पुन्हा घरी भिंतीकडे बघत बसणं आलं. आत्याबाई भाच्याकडे वळल्या.

"आमंत्रणं नीट दिलीस ना रे?"

"दिली की आत्या. दोनशे पत्रकं. समोरच्या एकेक पत्रपेटीत स्वतः टाकली."

"मग ती सातव्या मजल्यावरची आजी? दर शनिवारी खिडकीतून हात हलवते. तिला यायला काय होतं?"

आत्याबाईंचा पारा चढला. हातातला डाव तसाच घेऊन त्या तरातरा रस्ता ओलांडून गेल्या.

इमारतीत शिरल्या आणि थबकल्या. पत्रपेट्यांखाली पत्रकांचा खच पडला होता. लिफ्टच्या दारावर आडवी फळी ठोकलेली. एक तरुण बाई दोन्ही काखांत जुळी घेऊन, धापा टाकत जिना उतरत होती.

"लिफ्ट? अकरा महिने बंद आहे," ती म्हणाली. "दूध आणायचं तरी माझे नाकी नऊ येतात. आजी तर तेव्हापासून खाली उतरल्याच नाहीत."

आत्याबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अकरा महिने समोरच्या चर्चमध्ये येऊन-जाऊन आपण जिन्याची एक पायरी चढलो नाही, आणि वर माणसं येत नाहीत म्हणून रुसलो!

तळघरात परतून त्यांनी फर्मान काढलं, "पातेलं उचला!"

"कुठे?" घड्याळवाला दचकला.

"वर!"

पातेल्याची एक कडी पाळकाने धरली, दुसरी घड्याळवाल्याने. पावाच्या टोपल्या आत्याबाईंकडे. पहिल्या मजल्यावर पाळकाने ऐसपैस प्रार्थना केली. तिसऱ्यावर दोन वाक्यं. पाचव्यावर त्याचा श्वास फक्त "आमेन"पुरता उरला, आणि सगळा जिना खो खो हसला. दारं उघडत होती. कुणी घरातले वाडगे आणले, कुणी चिरलेले टोमॅटो. म्हातारे पायऱ्यांवरच बसले. जुळ्यांतलं एक पोर घड्याळवाल्याच्या मांडीवर चढलं आणि त्याच्या मिशीला सूप फासू लागलं.

पाचव्या मजल्यावर आत्याबाईंच्या गुडघ्यांनी राम म्हटला. तेव्हा रात्रपाळी करून आलेल्या दोघा भावांनी त्यांना खुर्चीसकट उचललं.

"अरे, पाडाल मला!"

"पडलात तर सुपातच पडाल, काकू!"

सातव्या मजल्यावर दार उघडंच होतं. आतल्या छोट्या टेबलावर दोन ताटल्या, दोन पेले मांडलेले. आजी ठेवणीतले कपडे घालून उभी.

"आलात एकदाच्या! तिसरा शनिवार आहे मांडून ठेवायचा."

"माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी? दर शनिवारी तुम्ही दारात एकट्या उभ्या असायच्या. मी हात करकरून बोलावत होते, वर या म्हणून. तुम्ही आपल्या नुसता हात हलवून आत जायच्या."

आत्याबाईंना हसावं की रडावं कळेना. शेवटी दोन्ही झालं. आजीने त्यांच्या हातातला डाव काढून घेतला आणि त्यांना वाढलं. तीस वर्षं त्यांनी पोरांना वाढलं होतं, त्यांच्या ताटात मात्र कुणी वाढलं नव्हतं. ते सूप त्यांना दुसऱ्याच कुणीतरी केल्यासारखं गोड लागलं.

मग एकदम दोन वाजताच्या मुदतीची आठवण झाली आणि त्यांनी चमचा खाली ठेवला. दारात घड्याळवाला उभा होता, मिशी अजून भरलेली.

"किती वाजले?" त्यांनी भीतभीत विचारलं.

त्याने मनगटाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"किल्ली तुमच्याकडेच असू द्या," तो म्हणाला. "पण पुढच्या शनिवारी दोन लहान पातेली करा. हे एक फार जड होतं."