पावलांना चौकट

"अहो, आधी खालची पावलं काढून घ्या," शोभा पुन्हा म्हणाली. शामकांतने पुन्हा ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

पाटावर सासूबाईंची पावलं होती. एकाहत्तर साली त्या सवाष्ण गेल्या, तेव्हा त्यांच्या तळपायांना ओलं कुंकू लावून शोभानेच ती ड्रॉइंगच्या कागदावर उमटवून घेतली होती. त्यांची लेक सुमेधाताई नाशिकला. तिला निरोप उशिरा मिळाला आणि आईचे पाय काही तिला दिसले नाहीत. तेराव्याला तिने हा कागद मागितला, तेव्हा शोभा कधी नव्हे ती मोठ्या नणंदेपुढे उभी राहिली.

"पावलं इथंच राहू द्या, वन्सं. मी जपेन."

"बरं," सुमेधाताई म्हणाली. "वर्षश्राद्धाला येईनच. कागदाला जरा जरी धक्का लागलेला दिसला, तर उचलून घेऊन जाईन."

आज ते वर्षश्राद्ध. शोभाचे सासरे, अण्णा, लेकीला आणायला एसटी स्टँडवर गेले होते, आणि नाशिकची गाडी संगमनेरात यायची वेळ टळून गेली होती. कुठल्याही क्षणी फाटक वाजेल म्हणून शोभाचा जीव टांगणीला लागला होता.

वाळलेलं कुंकू काचेला टेकलं की काचेलाच चिकटून बसतं. म्हणून मध्ये माउंट लागतो, म्हणजे मधोमध खिडकी कापलेला जाड पुठ्ठा. त्याच्यामुळे काच कागदापासून जरा वर राहते. तसबीरवाल्याने लाकडी चौकट आणि काच करून दिली होती, पण माउंटसाठी पावलं दुकानात ठेवून जा म्हणाला. ते शोभाला काही केल्या पटेना. तिथं देवादिकांपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळे जमिनीवर, भिंतीला टेकून उभे. सासूबाईंचे पाय त्या रांगेत ठेवायचे? शामकांतचे हात शिवशिवतच होते. हायस्कुलात भूमिती शिकवणारा माणूस. त्याला पुठ्ठ्यात एक चौकोन कापता येऊ नये होय? असा चौकोन कापायला बाजारात जाणं त्याला कमीपणाचं वाटत होतं, खरं कारण ते.

आणि घोळ झाला तो पाटामुळे. पावलं जमिनीवर ठेवायची नाहीत, म्हणून शोभाने ती पाटावर ठेवली. कापायला सपाट, टणक असं घरात काय, तर तोच पाट. शामकांतने पुठ्ठा थेट पावलांवर ठेवला, आखलेली खिडकी नीट जुळवली आणि दाढीचं पातं हातात घेतलं.

"आता हलवलं की माप हलेल," तो म्हणाला. "पातं एवढं खोल जात नसतं. तू पट्टी धर."

तिने धरली. नवऱ्याच्या हट्टापुढे गप्प बसायची सवय लागलेली असते, तीच नडते.

तीन बाजू सुरेख निघाल्या. टाचेकडची चौथी बाजू मात्र एका कोपऱ्याला अडली. शामकांतने सुटलेला मधला तुकडा वर उचलून धरला, खाली टाच उघडी पडली, आणि त्याने जोर लावला तशी पट्टी सरकली. पातं निसटलं. आवाज इतका बारीक झाला की आधी दोघांना काही कळलंच नाही.

डाव्या टाचेवर आडवी रेघ. कुंकू खरवडून कागद चिरला होता.

 शोभाला रडूही येईना.

"थांब, घाबरू नकोस," शामकांत म्हणाला. "मागून पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवतो. वरून कुंकवाचं बोट फिरव. कळणारसुद्धा नाही."

"आईंच्या पायावर आपण रंग चढवायचा?"

"मग नेऊ दे तिला."

शोभाने कुंकवाचा करंडा उघडला. बोट ओलं केलं. पण ते त्या टाचेवर टेकवायला तिचं मन धजेना. तिने करंडा मिटून ठेवला. कागदाचा तुकडा तेवढा मागून लावला, माउंट बसवला, काच चढवली, आणि शामकांतने मागचे खिळे ठोकून तसबीर भिंतीवर लावली, तोच फाटक वाजलं.

सुमेधाताई पाय धुऊन आली ती थेट तसबिरीसमोर. तिने काचेला कपाळ टेकलं. अण्णा मागे उभे होते, डोळे पुसत. शामकांत वर तुळयांकडे बघत होता.

"किती छान ठेवलीत," ती म्हणाली. शोभाचा श्वास मोकळा झाला. मग सुमेधाताईने काचेवरून बोट फिरवलं आणि ते डाव्या टाचेपाशी थांबलं. तिचा चेहरा बदलला.

"केवढी भेग ही. आईच्या टाचा कशा होत्या, शोभा, लोण्यासारख्या. अंथरुणाला खिळली आणि तिच्या पायांना कुणी तेलाचं बोटसुद्धा लावलं नाही?"

शोभाने नवऱ्याकडे पाहिलं. रोज संध्याकाळी ती सासूबाईंचे पाय मांडीवर घेऊन कोकमाचं तेल चोळत बसायची, त्या तेलाने तिच्या साड्या वाया गेल्या होत्या, आणि हे सगळं त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. तो मूग गिळून बसला. गप्प राहिलं की झालं, एवढं त्याला कळत होतं. भेग म्हणून चाललं तर पावलं घरात राहणार होती. सुमेधाताई मनात एक अढी घेऊन नाशिकला गेली असती, बस्स.

शोभाला हे सगळं कळत होतं. पण ते तेल, त्या संध्याकाळी, आणि शेवटच्या दिवशी कुंकू लावताना हाताला लागलेली ती मऊ टाच. तिला संताप आला, नवऱ्याचा आला आणि स्वतःचाही.

"ती भेग नाही, वन्सं," ती म्हणाली. "पातं लागलंय. आज, आत्ता, माउंट कापताना. पट्टी माझ्याच हातात होती."

 शोभाने तसबीर खाली काढली, पदराने काच पुसली आणि नणंदेच्या हातात दिली.

"न्या तुम्ही. पण तिकडे कुणी विचारलं, तर भेग म्हणून सांगू नका."