चोरखिशाचा सूड

मी एक जुना चोरखिसा आहे. देशाच्या परकीय चलनाच्या रक्षणाचा इतिहास कधी लिहिला गेलाच, तर त्यात माझे नाव घ्यावे लागेल. हे रक्षण मी एका पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीच्या आतल्या बाजूने केले, ही गोष्ट इतिहासकारांनी वगळली तरी माझी हरकत नाही.

मित्रांनो, माझा जन्म १९९३ साली राजुरीत, भिका शिंप्याच्या मशीनवर झाला. जाड मांजरपाट, दुहेरी शिलाई, वर एक बटण आणि बटणाचा भरवसा नको म्हणून सेफ्टी पिन. माझे मालक सयाजीराव द्राक्षाचे बागायतदार. माल विकून आले की पैसे थेट माझ्यात. चड्ड्या विरल्या, फाटल्या, पोतेऱ्यात गेल्या. मला मात्र दर वेळी उसवून नव्या चड्डीला जोडले जाई. "बँकेला कुलूप लागंल, पण ह्याला न्हाई," असे मालक चारचौघांत सांगत आणि कमरेवर थाप मारत. ती थाप माझ्या पाठीवर बसे. मी फुगत असे.

माझ्यात एकच दोष होता. पैसे काढायचे तर मालकांना आडोसा लागे.

या दोषावर पहिला घाव घातला तो ज्ञानेश्वररावांनी. हे मालकांचे साडू, अवसरी बुद्रुकचे. मंचरला त्यांचे खता-औषधांचे दुकान. मी अजून नवाकोरा असताना त्यांच्या घरी साखरपुडा होता. आहेराची वेळ आली, तसे मालक उठून गोठ्याच्या मागे गेले. मांडवात लाऊडस्पीकर चालू होता. ज्ञानेश्वररावांनी माईक घेतला आणि शांतपणे जाहीर केले, "जरा थांबा मंडळी. आमचं साडू बँकेत गेल्यात. शाखा गोठ्यामागं हाय."

मांडव हसला. आचारी हसले. गोठ्यामागे मालकांचा हात माझ्यात होता, तो तसाच थांबला. त्या क्षणी आम्ही दोघांनी मिळून शपथ घेतली. मालकांनी मनात आणि मी टाक्याटाक्यांत.

दहा वर्षे आम्ही ती शपथ जपली.

२००३ साली औषधाच्या एका कंपनीने चांगले बागायतदार आणि चांगले दुकानदार निवडून त्यांना बँकॉकला नेण्याचे ठरवले. कारण द्राक्षांचा अभ्यास. बँकॉकला द्राक्षासाठी कोणी ओळखत नाही, पण अभ्यासू माणूस ते बघत नाही. विमान, राहणे, जेवण कंपनीचे. हातखर्ची आपापली. यादीत दोघे साडू होते.

हातखर्ची न्यायची कशी, यावर घरात चर्चा झाली. मालकांची मुलगी आरती नारायणगावच्या कॉलेजात कॉमर्सला होती.

"अण्णा, कार्ड काढा. तिथं मशीनमधून पैसे निघतात. सगळ्यात स्वस्त तेच पडतं. फक्त एक करायचं, लागणारे सगळे एकदाच काढायचे. शंभर काढा नाहीतर पाच हजार, बँक दर वेळेला आकार लावतीच."

"कार्ड त्या साडूकडं हाय," मालक म्हणाले.

"मग?"

"मग मला नको."

"अहो, पण डॉलर घेताना दुकानदार कमी भावात गुंडाळतो, तिकडं मोडताना दुसरा गुंडाळतो. दोनदा कशाला नागवून घ्यायचं?"

"नागवू दे. गोठ्यामागची शाखा बँकॉकला उघडणार म्हंजे उघडणार."

मित्रांनो, मी गहिवरलो. पुण्याहून कोऱ्या डॉलरच्या नोटा आल्या.

पण त्या माझ्यापर्यंत येण्याआधी मालकांच्या आईने, चिमाबाईंनी, त्या पाहिल्या. "परक्या मुलखातली लक्ष्मी दारात आली, अन् तिला हळदीकुंकू न लावता धाडायची व्हय रं?" जीपने त्या ओझरला गेल्या, विघ्नहराच्या पायरीवर नोटा मांडल्या, आणि ओली हळद, ओले कुंकू घेऊन प्रत्येक नोटेवरच्या साहेबाच्या कपाळाला बोट टेकवले. नोटा ओल्याच माझ्यात आल्या. प्रवासात ऊब लागली. मी मांजरपाटाचा, मला ओल धरून ठेवायची सवय. बँकॉक येईपर्यंत टिळा साहेबांच्या नाकापर्यंत उतरला होता.

तिथे डॉलर मोडून देणाऱ्या खिडकीपाशी मालक आडोशाला जाऊन आले आणि मानाने नोटा पुढे सरकवल्या. आतल्या बाईने एक नोट उचलली, दिव्यासमोर धरली, बोटाने घासली आणि मान हलवली. मग दुसरी. मग सगळा गठ्ठाच परत सरकवला.

"काय म्हणती बाई?" मालकांनी कंपनीच्या माणसाला विचारले.

"डाग हायेत म्हणती. डागाळलेली नोट इथं चालत न्हाई."

"डाग कुठला? कुंकू हाय त्ये!"

"त्यांना काय कळतंय, राव."

आम्ही तीन खिडक्या फिरलो. तिन्हीकडे साहेबांचा टिळा नडला. मागून ज्ञानेश्वरराव आले. त्यांनी एक नोट निरखली, हात जोडले आणि म्हणाले, "पावणं, लई धार्मिक नोटा हायेत. ह्या खर्चायच्या न्हाईत, पुजायच्या. तुमी काळजी करू नका. मी हाय ना." आणि सगळ्या बागायतदारांच्या देखत त्यांनी मशीनमध्ये कार्ड सारले, त्या दिवसापुरत्या निघालेल्या नोटा मोजून मालकांच्या तळहातावर ठेवल्या. "घ्या. आडोशाला जायची गरज न्हाई."

मालकांनी पुढची दहा वर्षे तोंड दाखवायचे की नाही, हे त्या तळहातावर ठरत होते. संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांच्या मागून चालले. ज्ञानेश्वरराव मात्र बोलत होते. "सगळं एकदम काढू नये, पावणं. लागंल तेवढंच काढावं. बाकीचं तिकडं मंचरला व्याज खात बसतंय."

मालकांनी मान वर केली. आरतीचे शब्द त्यांना आठवले, हे मला कमरेच्या हालचालीवरून कळले. कंबर हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक अगदी नरम आवाजात म्हणाले, "साडूभाऊ, शहाळं प्यावं म्हणतो."

"किती देऊ?"

"शहाळ्यापुरतं."

"घ्या की हजारभर, राव."

"नको. लई हातात आलं की आमी गडबडतो. खेड्यातली माणसं."

ज्ञानेश्वरराव खूश झाले. मोठ्याने "चला" म्हणून त्यांनी दोघा-तिघांना बरोबर घेतले आणि मशीनकडे गेले. दुपारी मालकांना टोपी घ्यावीशी वाटली. चारला चहा. मग आरतीला छत्री. मग छत्रीला पिशवी. दर वेळी मालक हात पसरत आणि दर वेळी ज्ञानेश्वरराव छाती काढून कार्ड सारत. रस्त्यात मशीन दिसले की मालकांना तहान लागायची. इतके नम्र ते आयुष्यात कधी नव्हते. लोक म्हणत, साडू असावा तर असा. मी आत, टिळेवाल्या साहेबांना कवटाळून, एकेक आकार मोजत होतो. सूड इतका गार आणि इतका गोड असतो, हे मला शहाळ्यामुळे कळले.

परत आल्यावर मालकांनी घेतलेले पैसे पै न् पै फेडले, तेही अवसरीत, त्याच गोठ्यासमोर, पाहुण्यांच्या देखत. महिन्याभराने ज्ञानेश्वरराव मोटारसायकल काढून राजुरीला आले. चेहरा उतरला होता.

"पावणं, बँकेनं दर खेपंचा आकार कापलाय. शहाळ्यापेक्षा आकार मोठा बसलाय."

"अरारारा," मालक म्हणाले. "मग एकदाच काढायचं व्हतं की. आमच्या आरतीला सुदीक म्हाईत हाय."

"तुमाला म्हाईत व्हतं?"

"मला काय म्हाईत? माझी शाखा गोठ्यामागं."

त्यांना चहाही न घेता जाताना पाहून माझी शिवण न् शिवण तृप्त झाली.

मित्रांनो, विजयानंतर माझे काय झाले ते ऐका. त्याच महिन्यात मालकांनी कार्ड काढले. माझी गरज संपली. मालकिणीने, उज्ज्वलाबाईंनी, मला कात्रीने उसवले, धुतले आणि दुधाचे पैसे ठेवायला स्वयंपाकघरात खिळ्याला टांगले. साहेब लोक चिमाबाईंच्या देवघरात गेले. त्यांना सणावाराला नवा टिळा मिळतो. माझ्या पाठीवर आता कोणी थाप मारत नाही.

म्हणून माझी विनंती आहे. परदेशी जाल तेव्हा कार्ड न्या, एकदाच काढा, अडीअडचणीला थोड्या कोऱ्या नोटा जवळ असू द्या आणि त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दाखवू नका. पण घरच्या जुन्या खिशाला हसू नका. तो विसरत नाही.

दिवाळीला उज्ज्वलाबाईंची बहीण, म्हणजे ज्ञानेश्वररावांची बायको, माहेरी जाताना वाटेत थांबली. "आमच्यांना लई लागलंय गं ते," ती म्हणाली. उज्ज्वलाबाई खिळ्यापाशी आल्या. त्यांनी माझे बटण काढले आणि बँकेने कापलेला सगळा आकार, शहाळ्यापासून छत्रीच्या पिशवीपर्यंत, माझ्यातल्या दुधाच्या पैशांतून मोजून बहिणीच्या हातावर ठेवला.