एका वसंताची परतफेड

अ‍ॅडम बेनब्रिज यांनी उत्तर इंग्लंडातल्या टीस नदीकाठच्या माळावर आमचे घर बांधले. त्यांचा मुलगा जोसेफ, म्हणजे माझे यजमान; जोसेफचा राल्फ; आणि राल्फचा लँटी, ज्याची ही गोष्ट. आमच्या घराण्यात मेंढ्या वारशाने येतात, तसे देणेही येते.

आमच्या खोऱ्यात शेजाऱ्याचे अडलेले काम आपण उरकून द्यावे आणि त्याने दिवसाची फेड दिवसानेच करावी, अशी रीत आहे. मोबदला विचारणे हा अपमान. मेंढ्या विण्याच्या ऐन हंगामात जोसेफचा पाय मोडला, तेव्हा शेजारची इझबेल टॅलेन्टायर आपला कळप नवरा मॅथ्यूवर सोडून आमच्याकडे येऊन राहिली. शेवटची मेंढी व्यायली तोवर माळावरची निळी जेन्शियन सरली होती. ती फुले पाहायला इझबेल आणि मॅथ्यू दर वसंतात जोडीने जात; त्या वर्षी ते राहून गेले. त्याच वर्षी हिवाळ्यात मॅथ्यू वारला. इझबेल पुन्हा वर चढली नाही.

यंदा तिच्या डोळ्यांवर पडदा येऊ लागला. पुढच्या वसंतात फूल दिसणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. तिला फुलांपाशी न्यायचे ठरवून मी लँटीला बोलावले.

"घराचं देणं आहे. तू फेडायचंस."

"गाडीतून नेऊ?"

"त्या भुसभुशीत चुनखडीवर चाक? तुझे पणजोबा थडग्यातून उठून येतील."

आम्ही पहाटेच निघालो. मेंढपाळाच्या घरात दुसरी वेळ कोणाला सुचते? नदीकाठी गुलाबी प्रिमरोझ फुलले होते, धबधब्याचा तुषार ज्युनिपरच्या झुडपांवर येत होता. इझबेल माझ्या दंडाला धरून चालत होती आणि मी वेग वाढवला की चिमटा काढत होती. दलदलीशी लँटीने तिला अडलेल्या मेंढीसारखे पाठुंगळी घेतले.

"तुझ्या आजोबांनी मला कधी उचललं नाही हो!" ती म्हणाली.

"हिंमत होती का त्यांची?" मी म्हटले.

माथ्यावर पोहोचलो. जेन्शियन होती, पण प्रत्येक कळी छत्रीसारखी पिळून मिटलेली. ऊन पडल्याशिवाय हे फूल उघडत नाही, हे आम्हाला जन्मापासून ठाऊक होते. तरी मेंढ्यांच्या वेळेला येऊन उभे राहिलो होतो. वर आभाळ धुरकट.

"हॅना, मला गवतच दिसतंय," इझबेल हळूच म्हणाली. "चला घरी. पोराला कामं आहेत."

"बस खाली," मी म्हटले.

"आजी, दुपारी मेंढ्या खाली आणायच्यात, मदतीला माणसं येतील," लँटी म्हणाला. मग त्याने माझ्या तोंडाकडे नव्हे, इझबेलच्या तोंडाकडे पाहिले आणि आपला कोट गवतावर अंथरला. "येऊ देत. थांबतील. तुम्ही बसा, इझबेल आजी."

आम्ही फळांचा केक आणि चीज खाल्ले. केक कोरडा झालाय, असे इझबेलने दोनदा सांगितले. टिटव्या ओरडत राहिल्या. सकाळ सरली, चहा संपला, आणि मग ढग पश्चिमेकडून विरला. ऊन गवतावर आले. आधी एक, मग भोवतालच्या साऱ्या कळ्या उलगडल्या. असा निळा रंग मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

इझबेल पालथी पडली आणि नाक फुलाला टेकेल इतकी वाकली.

"चरू नकोस गं," मी म्हटले.

"गप्प बस. दिसतंय मला. मधलं पांढरंसुद्धा दिसतंय."

बराच वेळ ती तशीच होती. लँटी टोपी काढून उभा राहिला. त्याला कोणी सांगितले नव्हते. शेवटी तिने हात वर केला, त्याने धरून उठवले, आणि तिने त्याच्या तळव्यावर आपला तळवा टेकवून आमच्या खोऱ्यात देणे फिटल्यावर म्हणतात तेच म्हटले:

"फिटलं रे. आता दोन्ही घरं बरोबरीत."