पत्रीवाले पॅड

नलिनी गेल्यापासून मी मैलूरच्या नेहमीच्या मिस्त्रीकडं जाणं टाळतो. माणूस चांगला आहे, पण हातात पाना घेऊन सांत्वन करतो. साडेतीन महिने बायकोबद्दलचं सांत्वन ऐकून माझे कान किटले आहेत. म्हणून परवा स्पीडब्रेकरवर आमची पंचवीस वर्षांची झेन गाडी थांबायचं नाव घेईना, तेव्हा मी ती सरळ भालकी रस्त्यावरच्या एका अनोळखी दुकानात नेली. निवृत्त मास्तराचा शहाणपणा, दुसरं काय!

मिस्त्रीचं नाव बाबूलाल. त्यानं चाक काढून जुने ब्रेक पॅड माझ्या तळहातावर ठेवले. झिजून नुसता पत्रा उरला होता.

"काका, महिनाभर पत्रा घासायलाय की. आवाज आला न्हाई?"

"कमी ऐकू येतं मला," मी म्हणालो. खरं तर गाडीतले आवाज नलिनीच ऐकायची. मी फक्त "काही नाही गं" म्हणायचो.

मग तो गाडीत वाकला आणि हसला. माझ्या शेजारच्या सीटपुढच्या मॅटला टाचेएवढं भोक पडलं होतं. "अक्का इथून ब्रेक मारतेत व्हय?"

"फार घाबरते," मी बोलून गेलो. आणि काय सांगू, बरं वाटलं. त्या दुकानात तरी ती जिवंत होती. मला चेवच चढला. हैदराबादला जाताना ती झहीराबादपर्यंत देवाचं नाव घेते, हेही मी सांगून टाकलं.

बाबूलालनं दोन डबे मांडले. "ह्याला बारीक पत्री हाय. पॅड झिजत आला की ती डिस्कला लागून किंचाळती. लई कटकट. हा दुसरा बिनपत्रीचा, एकदम गप. तुमाला हाच देतो. शेजारी अक्का हायतच, त्या सांगतेल."

मी मान हलवली. तो डबा फोडू लागला. हर्षिता, आमची मुलगी, रोज फोनवर विचारते, "बाबा, गाडी जपून चालवता ना?" मी रोज हो म्हणतो. तो झिजलेला पत्रा अजून माझ्या हातातच होता.

"थांब," मी म्हणालो. "पत्रीवाले बसव."

"कामून? किंचाळतेत म्हनलो की."

"किंचाळू देत. शेजारी कुणी बसत नाही आता. ती गेली."

बाबूलालनं फोडलेला डबा मिटला, दुसरा घेतला आणि चाकाशी बसला. आणि इतके दिवस सांत्वनाला वैतागलेला मी, हा काहीतरी बोलेल म्हणून वाट बघत उभा राहिलो.

चाक बसवून झाल्यावर त्यानं हात पुसले. "काका, मॅट बदलू का?"

"नको," मी म्हणालो. "ते भोक तिचं आहे."