हानाएसाठी पिठलं-भात

फोन ठेवला आणि मी सरळ बेसनाचा डबा काढला. तिकडे जपानात नागाईचे वडील ढसाढसा रडत होते आणि त्यांच्या बोलण्यातलं 'हानाए' एवढंच मला कळलं होतं. आणखी काय कळायचं राहिलं होतं?

"काय म्हणाले?" बाहेरच्या खोलीतून ह्यांनी विचारलं. हे म्हणजे अविनाश, माझे यजमान.

"गेली बहुतेक. फार रडत होते हो."

ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

हानाए ही घोडी. आमच्या नोएडाच्या घरात वरच्या मजल्यावर राहणारा नागाई इथे नव्यानं आलेल्या जपानी कारखान्यात इंजिनियर. त्याच्या वडिलांच्या तबेल्यात ती जन्मली. भल्याभल्या घोड्यांना मागे टाकून तिनं दोन मोठ्या शर्यती जिंकल्या आणि तिसरीत पाय मोडून घेतला. असा पाय मोडला की तिकडे सुई देऊन संपवतात म्हणे. म्हाताऱ्यानं कुणाचं ऐकलं नाही. पोटाखाली पट्टा बांधून तिला कित्येक महिने उभी ठेवली. आज ती पुन्हा धावणार होती. नागाईला अजून फोन मिळाला नव्हता, म्हणून निकाल आमच्या फोनवर यायचा होता.

तिच्या जुन्या शर्यतींच्या कॅसेटी नागाई खाली आणून लावायचा आणि हे डोळ्यांत प्राण आणून बघायचे. टेंपोनं स्कूटर उडवली तेव्हापासून ह्यांच्या मांडीत सळई आहे. हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले चाला. पण ह्यांची भीती काही जाईना. वॉकर भिंतीशी उभा, त्यावर मी नॅपकिन वाळत घालायला लागले होते. किती बोलायचं माणसानं? एकदाच हे आपणहून म्हणाले, "ही पोरगी परत धावली ना कुमुद, तर मीही बघतो." त्या एका वाक्यावर मी दिवस काढत होते. आणि आता हिनं हे असं करावं.

ज्या घरी मरण झालं तिथे चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भात न्यायचा, ही आपली रीत. मरण घोडीचं असलं म्हणून काय झालं? कारखान्यातला जनरेटर बंद पडला म्हणून नागाईला रविवार असूनही सकाळीच धावावं लागलं होतं. तो परतल्याची चाहूल लागली तशी मी ताट घेऊन जिना चढले.

"बैठिए, नागाईजी," मी म्हटलं. "पिताजी का फोन था. बहुत रो रहे थे. हानाए…"

त्यानं माझ्या हातातलं ताट घेऊन खाली ठेवलं.

"पिताजी रोते नहीं," तो म्हणाला. "पैर टूटा, तब भी नहीं रोए."

तेवढ्यात खाली फोन वाजायला लागला. साडी सावरत जिना उतरेपर्यंत वाजायचा थांबलासुद्धा. परदेशचा फोन, गेला कट होऊन, असं पुटपुटत मी दारात आले.

नॅपकिन जमिनीवर पडले होते. खुर्ची रिकामी. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, फोनच्या स्टुलापाशी, हे एका हातानं वॉकर धरून उभे होते. कपाळ घामानं भिजलेलं, कानाला रिसीव्हर.

"रडतायत गं," हे म्हणाले. "पण मधेच हसतायतही. नागाईला बोलाव लवकर."

नागाई माझ्या मागोमाग आलाच होता. त्यानं रिसीव्हर घेतला, ऐकलं आणि समोर कुणी नसताना कमरेत वाकला.

"दूसरे नंबर पर आई, आंटीजी," तो आमच्याकडे वळून म्हणाला. त्याचे गाल ओले झाले होते. "दौड़ी. चारों पैर ठीक."

मी देवाचं नाव घेतलं आणि खुर्ची ओढून ह्यांच्यामागे सरकवली.

"राहू दे," हे म्हणाले. "त्याचं बोलून होऊ दे. वरचं पिठलं खाली आण, सगळेच खाऊ."

मी वर गेले तेव्हा हे उभे होते. ताट घेऊन खाली आले, तेव्हाही उभेच होते.